स्वतःसाठीच्या वेळेला सबब का लागावी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरदारांनी धावपळीतून स्वतःसाठी वेळ कसा काढावा, यावर अलीकडे पुरवण्यांमधून बरेच लिहून येते. पहाटे पाचला उठावे, दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी आदल्या रात्रीच करून ठेवावी, मोबाइल उशाशी घेऊन झोपू नये, असा त्या लेखांचा साधारण सूर असतो. सल्ले वाईट नाहीत आणि त्यांतले काही मी स्वतः पाळतेही. परंतु टापटिपीने राहणाऱ्याला वेळ मिळतोच आणि ज्याला तो मिळत नाही त्याचेच काहीतरी चुकत असले पाहिजे, असे त्या सगळ्यांनी गृहीत धरलेले दिसते. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या माझ्यासारखीला हे मान्य करणे जड जाते. आमच्याइतकी तारखेला बांधलेली माणसे या शहरात थोडीच असतील. जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेला गेलेच पाहिजे, पगारपत्रक महिनाअखेरीच्या आत तयार हवे, मार्चअखेरीला तर रात्रीचा डबाही टेबलावरच उघडावा लागतो, आणि यातले काहीही आम्ही चुकवत नाही. तरीसुद्धा गेल्या वर्षभरात केवळ स्वतःच्या आवडीचे असे काय केले, हा प्रश्न विभागात कोणालाही विचारला तर समोरचा आधी हसतो आणि मग विषय बदलतो. नियोजन तर या माणसांचा रोजचा धंदाच आहे. तेव्हा अडचण दुसरीकडे कुठेतरी असली पाहिजे.

मला ती रजेच्या अर्जात दिसते. कोणत्याही कार्यालयाचा छापील अर्ज काढून पाहावा. नाव, हुद्दा आणि दिनांक यांच्याखाली ‘रजेचे कारण’ असा रकाना हमखास असतो. त्या रकान्यात आजारपण चालते, जवळचे लग्न चालते, नात्यातली मयत चालते, मुलाची परीक्षा चालते आणि कुलदैवताचे दर्शनही चालते. एक दिवस निवांत हवा आहे, एवढेच लिहून अर्ज पुढे केलेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी गोरेवाड्याच्या तलावावर जायचे असते. त्यांच्या अर्जावर वर्षानुवर्षे ‘घरगुती काम’ हेच दोन शब्द असतात, आणि कामावर परतल्यावर चेहरा थोडा ओढलेला ठेवण्याची काळजीही ते घेतात, कारण ताजातवाना होऊन आलेला माणूस संशयास्पद वाटतो. बायका बहुधा देवाचे नाव पुढे करतात. संध्याकाळी तासभर मैत्रिणीकडे बसायचे असले तरी घरी ‘दत्ताच्या देवळात जाऊन येते’ असे सांगितले की पुढचे प्रश्न येत नाहीत.

आजी-पणजींच्या काळात बायकांना फार मोकळीक होती असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्यांची सबब निदान सार्वजनिक होती आणि ती सणांनी पुरवलेली होती. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी आणि माहेरी आलेल्या लेकीबाळींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणावीत, सासरचे उणेदुणे त्या गाण्यांतून मनसोक्त काढावे आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखत बसावे, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कोणी त्याला वेळेचा अपव्यय म्हटले नाही. आता गुंठ्या-दीड गुंठ्याच्या भूखंडांवर फ्लॅट झाले, सगळे कामाला जाऊ लागले, भुलाबाई शाळांच्या आणि महिला मंडळांच्या एका दिवसाच्या कार्यक्रमापुरती उरली. मात्र तिने ज्या तासाला सर्वांची संमती मिळवून दिली होती, त्या तासाची जागा दुसऱ्या कशानेही घेतलेली नाही.

सुट्टी ही मालकाच्या मर्जीची बाब आहे, ही समजूत मोडून काढण्याचे मोठे काम ज्यांनी केले त्या कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अशा चर्चेत क्वचितच निघते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवडी सुट्टी नव्हती, त्या काळात १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या होत्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. त्या निवेदनात कोणाच्या घरचे लग्न नव्हते की कोणाचा दवाखाना नव्हता. सहा दिवस राबणाऱ्याला सातवा दिवस त्याचा स्वतःचा मिळाला पाहिजे, एवढेच कारण होते आणि ते पुरेसे ठरले.

नागपूरला तर याच काळातला आपल्या घरचा दाखला आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी १८८६ मध्ये व अपघाताची भरपाई १८९५ मध्ये या गिरणीत सुरू झाली, ज्या काळी देशात तसा कायदा नव्हता. माणसाला यंत्रासारखे वापरले तर तो टिकत नाही, हे त्यांना धंद्याच्या हिशेबानेही कळले असावे. त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणजेच तिथल्या काउंटरवर उभ्या असलेल्या मुलामुलींना रविवार नसतो.

कायद्याच्या पुस्तकात आपण फार मागे आहोत असेही नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा केला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दीक्षाभूमीच्या या शहराला ते वेगळे सांगण्याची गरज नसावी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू झालेल्या राज्याच्या २०१७ च्या मूळ अधिनियमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग २४ तासांची आठवडी सुट्टी, सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, एवढे सगळे आहे. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आमच्या विभागात निम्म्या लोकांची ती पंचेचाळीसला टेकून राहिलेली असते आणि ती घेण्यापेक्षा न घेण्याचाच अभिमान अधिक बाळगला जातो. बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. खासगी क्षेत्रातल्या बहुतेकांचा शनिवार मात्र अजून कामातच जातो. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतले रोजचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा असे सांगणारे उद्योगपती अधूनमधून भेटतातच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे मांडलेले अनुमान त्यांनी वाचले नसावे : आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

कायद्याने दिलेले आठवडी सुट्टीचे हे २४ तास गळतात ते मोबाइलमधून. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘जस्ट अ स्मॉल थिंग’ असा निरोप येतो. काम पाच मिनिटांचे असते, पण तो निरोप येईल म्हणून सकाळपासून जीव टांगणीला लागलेला असतो आणि आल्यानंतर सोमवारची सगळी कामे डोक्यात फेर धरू लागतात. फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलेले आहे. खासगी विधेयके क्वचितच मंजूर होतात हे आपण जाणतोच, त्यामुळे त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

बाईच्या रविवारचे तर काय सांगावे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. नोकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत आठवडाभरातले मागे पडलेले सारे रविवारच्या पानावर येऊन जमा होते. चादरी धुवायच्या, इडलीचे पीठ वाटायचे, गहू निवडून चक्कीवर पाठवायचे, सासूबाईंच्या गोळ्या आठवडाभराच्या डबीत भरून ठेवायच्या. संध्याकाळी हातात चहाचा कप येतो तेव्हा उद्याच्या डब्याची भाजी कोणती, हा प्रश्न उभा असतो. या बाईला पहाटे पाचला उठण्याचा सल्ला देणाऱ्याने ती आताच किती वाजता उठते याची आधी चौकशी करावी.

विश्रांती, करमणूक आणि मनाचे पुन्हा ताजे होणे यांची आपण सर्रास गल्लत करतो, असेही मला वाटते. झोपेने शरीराचा शीण जातो. मालिका किंवा रील पाहिल्याने तास जातो. परंतु कामाने जो भाग वापरून वापरून झिजला आहे त्याखेरीज माणसाचा दुसरा एखादा भाग हलवला गेला नाही, तर झोप पूर्ण होऊनही माणूस सोमवारी शिळाच वाटतो. मी गेली काही वर्षे गुरुवारी संध्याकाळी महाल भागातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे मोडी लिपी शिकते. त्यात उदात्त असे काही नाही. भोसल्यांच्या काळच्या कागदांवरची ती अक्षरे एका प्रदर्शनात पाहिली आणि आपल्याच भाषेतले आपल्याला वाचता येऊ नये याची चीड आली, इतकेच. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या असतात आणि मग त्या रेघेला टांगल्यासारखी अक्षरे, हात शक्यतो न उचलता, एकात एक गुंतवत न्यायची. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे ठरवायलाच कधी दहा मिनिटे जातात. पहिल्या पावसाळ्यात माझा ‘क’ गुरुजींना ओळखू येत नव्हता. अक्षर जरा वळल्यावर त्यांनी वाचायला म्हणून एक जुना कागद पुढे ठेवला, तो निघाला कुठल्याशा कापड दुकानदाराचा जमाखर्च! हिशेबातून सुटका म्हणून गेले आणि पुन्हा हिशेबच वाचत बसले. पण त्या धोतरजोड्यांच्या आकड्यांची २० तारीख कधीच होऊन गेलेली होती आणि ते जुळले नाहीत म्हणून मला कोणी नोटीस पाठवणार नव्हते. त्या संध्याकाळी घरी परतताना मेट्रो अंबाझरीच्या पाण्याजवळून गेली तेव्हा खिडकीबाहेर पाहायचे भान होते. एरवी त्याच डब्यात मी मोबाइलवर ई-मेलना उत्तरे देत असते.

हा गुरुवार मिळवायला नियोजनाची कोणतीही युक्ती उपयोगी पडली नाही, तो सरळ मागावा लागला. घरी सांगितले की गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे नाही. यजमान आणि मुलगा मिळून वरण-भात आणि पापड करतात, क्वचित भरताची वांगी भाजतात, आणि गॅसची शेगडी शुक्रवारी सकाळी मला पुसावी लागते. ते चालते. कार्यालयात सांगणे अधिक अवघड गेले. गुरुवारी साडेसहानंतर फोन उचलता येणार नाही म्हटल्यावर साहेबांनी काळजीने विचारले, ‘ताई, घरी काही अडचण आहे का?’ अडचण काही नाही, शिकायला जाते, असे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसला तो मी विसरणार नाही. माणूस भला आहे, त्यांनी अडवले नाही. पण त्यांच्याजवळ त्या कारणासाठी रकानाच नव्हता.

यावर कोणी म्हणेल की हे पगारदारांचे चोचले आहेत. भर उन्हात पार्सल पोहोचवणारा मुलगा किंवा रोजंदारीवरचा मजूर यांना कसली मोडी आणि कसले पक्षी? आक्षेप खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. परंतु त्यातून निघणारा अर्थ आपण नेहमी उलटा लावतो. ज्यांना कायद्याने रजा दिली आहे तेच ती ताठ मानेने घेत नसतील, तर ज्यांना मुळातच ती नाही त्यांच्यासाठी ती मागणार कोण? आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना दुकाने अधिनियम लागू नाही. त्यांनी ‘उद्या येणार नाही’ म्हटले की सुशिक्षित घरांतूनही पहिला प्रश्न ‘का?’ हाच येतो, आणि मग त्याही बिचाऱ्या कोणाला तरी आजारी पाडतात. कारण न विचारता आठवड्याचा एक दिवस त्यांना देणे, यासाठी कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.

आता दोन-तीन अगदी साध्या मागण्या. अर्जित रजा ही कमावलेली असते, तेव्हा तिच्या अर्जातून ‘कारण’ हा रकाना कंपन्यांनी काढून टाकावा. किती दिवस आणि काम कोणाकडे सोपवले, एवढे विचारणे पुरेसे आहे. वर्षातून एकदा सलग आठवडाभर रजा घेणे हिशेब, भांडार, खरेदी अशा विभागांत सक्तीचेच करावे. मागचा अनुभव सांगते, माणूस आठवडाभर जागेवर नसला की त्याच्या कामातले कच्चे दुवेही उघडे पडतात, म्हणजे मालकाचाही तोटा नाही. आठवडी सुट्टीच्या दिवशी गटावर निरोप टाकायचाच असेल तर तो सोमवारी सकाळी पोहोचेल अशी सोय मोबाइलमध्ये कोणालाही करता येते.

दुसरी बाब शहराची आहे. माझ्या घराजवळचे वाचनालय मी कार्यालयातून परत येण्याआधी बंद होते आणि रविवारी उघडत नाही. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने ते वापरू नये अशीच त्याची रचना आहे. ज्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात त्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात आणि त्या मुलांची जागा अडवण्याची माझी इच्छा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना या शहरात बाहेर पडण्याजोगी वेळ सूर्य मावळल्यावरच सुरू होते, नेमक्या त्याच वेळी उद्यानांची फाटके लावून घेण्यात काय शहाणपण आहे? एप्रिल ते जून या काळात उद्याने रात्री दहापर्यंत, पुरेशा दिव्यांसह आणि एका महिला रक्षकासह उघडी ठेवावीत. प्रत्येक झोनमध्ये निदान एक वाचनालय आठवड्यातून तीन दिवस रात्री नऊपर्यंत आणि रविवारी सकाळी चालू असावे. यासाठी नवी इमारत बांधायची नाही, पाळ्या बदलायच्या आहेत आणि पाळी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला बदली सुट्टी द्यायची आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात सकाळी अकराच्या आणि दुपारी चारच्या कार्यक्रमांचीच दाटी असते. संध्याकाळी सातनंतर भरणारे गाण्याचे, चित्रकलेचे, लिपीचे, पोहण्याचे वर्ग, व्याख्याने आणि वाचक गट यांची एक वेगळी यादी आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारच्या अंकात, वेळ आणि पत्त्यासह दिल्यास ती कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावणारी बरीच घरे या शहरात निघतील. यादीसाठी माहिती गोळा करायला माणूस लागला, तर गुरुवार सोडून कोणत्याही संध्याकाळी मी येऊ शकेन.

आपली,
एक नोकरदार वाचक,
वासुदेवनगर, नागपूर